अंश, मिनिटे आणि आमचे शेततळे

कला शाखेच्या वार्षिकात गणिताचा लेख आलेला पाहून काही मित्र-मैत्रिणी मुकाट्याने पान उलटतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटला म्हणून ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला त्यांच्यात मीही होते. भूगोल हा विषय मी घेतला तोही त्यात आकडे कमी असतात अशा समजुतीने! पण एका चुकीच्या दशांशचिन्हाने आमच्या घराचा एक अख्खा उन्हाळा वाया घालवला आणि मला पुन्हा त्रिकोणमितीच्या दारात नेऊन उभे केले. ती हकीगत सांगितल्याशिवाय पुढचा हिशेब कुणी वाचणार नाही, म्हणून आधी तीच सांगते.

माझे गाव इंझोरी. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात ते येते. आमचे वावर कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर, एवढाच कारभार. बाबांच्या मनात शेततळे घ्यायचे होते. अर्ज भरायचे काम घरातली शिकलेली म्हणून माझ्याकडे आले. त्यात जागेचे अक्षांश आणि रेखांश मागितले होते. मी वावरात गेले, फोनमधले होकायंत्र उघडले आणि दिसलेले आकडे वहीत टिपून घेतले. घरी येऊन ते अर्जात भरले. महिन्याभराने अर्ज परत आला. नमूद केलेली जागा गावाच्या हद्दीत नाही, असा शेरा होता. फोनवरच्या नकाशात मी ते आकडे घातले तेव्हा टाचणी जाऊन पडली ती मंगरुळपीरच्याही पश्चिमेला! बाबांनी माझ्या खांद्यावरून पाहिले आणि विचारले, "काय वं, आपलं वावर तिकडं कवा गेलं?"

चूक माझीच होती. होकायंत्र अंश, मिनिटे आणि सेकंद दाखवत होते. अर्जाला हवे होते दशांशातले अंश. मी अंशाच्या पुढचे मिनिट उचलून दशांशचिन्हापुढे ठेवून दिले होते. खुलासा, दुरुस्ती, पुन्हा अर्ज या सगळ्यात मृग लागला. काळ्या जमिनीत पावसाळ्यात कोण तळे खोदतो? त्या वर्षी ऑगस्टात जवळजवळ तीन आठवडे उघाड पडली. बाबा रोज संध्याकाळी धुऱ्यावर उभे राहून माना टाकलेल्या सोयाबीनकडे बघत. पण मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. मग आपणच शोधून काढावे असे मनाने घेतले, की एवढ्याशा ठिपक्याने जागा नेमकी किती सरकते?

हिशेबाच्या सोयीसाठी आमच्या गावाचा बिंदू मी २० अंश २० मिनिटे उत्तर आणि ७७ अंश ३० मिनिटे पूर्व असा गोल आकड्यांत धरते. गाव नेमके त्या बिंदूवर नाही, त्याच्या जवळपास आहे. आता साडेदहाची एसटी आपण '१०.३०' अशी लिहितो. याचा अर्थ दहा पूर्णांक तीन दशांश तास असा कुणी घेत नाही. ते साडेदहा, म्हणजे १०.५ तास असतात. अंशाचेही तसेच आहे. एका अंशाची ६० मिनिटे, एका मिनिटाचे ६० सेकंद. म्हणून २० मिनिटांना ६० ने भागायचे, तेव्हा २० अंश २० मिनिटे म्हणजे २०.३३३ अंश होतात. ७७ अंश ३० मिनिटे म्हणजे ७७.५. मी मात्र २०.२० आणि ७७.३० असे लिहून मोकळी झाले होते! म्हणजे अक्षांशात ०.१३३ अंशाची आणि रेखांशात ०.२ अंशाची चूक. या दोन्ही चुकांचे किलोमीटर किती, हा खरा प्रश्न.

अक्षांशाचे सोपे आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. हा आकडा इतका गोल कसा, असे कुणाला वाटले तर तो योगायोग नव्हे. फ्रान्समध्ये १७९० नंतरच्या दशकात मीटर ठरवला गेला तोच मुळी विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. परिघाचे ३६० भाग केले की एका अंशाला १११ किलोमीटर आणि थोडे वर येतात. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर १११.१९. उत्तर-दक्षिण जाताना गोलावर सगळीकडे हेच माप चालते. तेव्हा अक्षांशातली माझी चूक ०.१३३३ गुणिले १११.१९, म्हणजे १४.८ किलोमीटर.

रेखांशाला मात्र हेच माप लावायचे नाही, आणि बहुतेकांची फसगत होते ती इथेच. नागपुरी संत्रे सोलून पाहा. प्रत्येक फोड मधोमध रुंद असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत होत संपते. रेखांश म्हणजे या फोडींच्या कडा. दोन रेखांशांतले अंतर विषुववृत्तावर सर्वांत जास्त, ध्रुवावर शून्य. (संत्रे देठाशी किंचित चपटे असते, पृथ्वीही ध्रुवांशी तशीच, तो मुद्दा पुढे येईल.) मधल्या एखाद्या अक्षांशावर फोडीची रुंदी किती उरते, ते सांगणारी संख्या म्हणजे त्या अक्षांशाची कोज्या, जिला शाळेत आपण 'कॉस' म्हणत घाबरत होतो. २०.३३३ अंशांची कोज्या आहे ०.९३७७. म्हणून आमच्या गावाच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १११.१९ गुणिले ०.९३७७, म्हणजे सुमारे १०४.३ किलोमीटरचा. माझी ०.२ अंशाची चूक २०.९ किलोमीटरची झाली.

आता टाचणी १४.८ किलोमीटर दक्षिणेला आणि २०.९ किलोमीटर पश्चिमेला सरकली. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. कर्ण पायथागोरसने काढायचा. १४.८ आणि २०.९ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की येतात २५.६ किलोमीटर. एका ठिपक्यासाठी आमचे वावर साडेपंचवीस किलोमीटर नैऋत्येला गेले होते!

शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत हीच रीत बिनदिक्कत वापरावी. फक्त दोन ठिकाणांच्या अक्षांशांची सरासरी काढून तिची कोज्या घ्यावी. मी मुंबईचेही अंतर असे काढून पाहिले. मुंबईचे मोठे रेल्वेस्थानक १८ अंश ५६ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५० मिनिटे पूर्व धरले, तर उत्तर-दक्षिण फरक १५५.७ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४८८.७ आणि हवाई अंतर ५१३ किलोमीटर येते. कोज्या विसरलात तर उत्तर येईल ५४२; म्हणजे २९ किलोमीटरची भर विनाकारण.

कोज्येची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, हे शोधताना मला मोठी गंमत वाटली. बाराव्या शतकातले भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजने दिला आहे. तो मोजायचा कसा, तेही सांगितले आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावे घ्यावीत, त्यांच्यातले अंतर मोजावे, अक्षांशांतला फरक पाहावा. मग एवढ्या अंशांना एवढी योजने तर ३६० अंशांना किती, असे साधे त्रैराशिक. विषुववृत्त सोडून उत्तरेला गेल्यावर पूर्व-पश्चिम परीघ जो लहान होतो त्याला आपल्या सिद्धांतग्रंथांत 'स्फुट भूपरिधी' असे नाव आहे, आणि तो काढायची रीत हीच, मूळ परिघाला अक्षांशाच्या कोज्येने गुणणे. भास्कराचार्यांचे ४,९६७ योजने ०.९३७७ ने गुणले तर आमच्या इंझोरीवरून जाणारे वर्तुळ ४,६५८ योजनांचे भरते! ज्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. इतक्या जवळची ही परंपरा आणि आपण 'कॉस' शब्दाला भीत बसतो.

त्या ग्रंथांची शून्य रेषा उज्जैनवरून जात होती. ग्रिनिचची रेषा जगाने शून्य मानली ती १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ मिनिटे. म्हणजे त्या रेषेपासून आम्ही १ अंश ४४ मिनिटे, सुमारे १८१ किलोमीटर पूर्वेला. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, तेव्हा आमच्याकडे मध्यान्ह उज्जैनच्या आधी सुमारे सात मिनिटे होते. घड्याळ मात्र ८२ अंश ३० मिनिटांच्या रेषेवर चालते. तिच्यापासून आम्ही पाच अंश पश्चिमेला, म्हणून बारा वाजून गेल्यावर सरासरी वीस मिनिटांनी सूर्य खरा माथ्यावर येतो. अक्षांश पाहायचा तर घड्याळही नको. रात्री अंगणात उत्तरेकडे तोंड करून हात ताठ धरावा आणि क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजाव्यात. एक मूठ साधारण दहा अंशांची. दोन मुठींच्या माथ्याशी ध्रुवतारा दिसतो, कारण त्याची उंची जवळपास आपल्या अक्षांशाएवढीच असते. आईला मी हे दाखवले तेव्हा तिने शांतपणे सांगितले, की हे तिला ठाऊक होते, फक्त त्याला अक्षांश म्हणतात हे ठाऊक नव्हते.

आता पुन्हा अंतराकडे वळू. ठिकाणे फार दूर असली की पायथागोरस दगा देतो, कारण तो सपाट कागदाचा रहिवासी. इंझोरी ते ग्रिनिच हे अंतर वरच्या रीतीने काढले तर सुमारे ७,७९० किलोमीटर येते. पण पृथ्वीगोल घेऊन दोन ठिकाणांत दोरा ताणून धरला तर दोरा याहून लहान भरेल. ताणलेला दोरा ज्या वर्तुळावर बसतो त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्रातच असते. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग तोच.

त्याचा हिशेब असा. दोन अक्षांशांतला फरक ३१.१४४ अंश, त्याच्या निम्म्याची ज्या, म्हणजे साइन, ०.२६८५ आणि तिचा वर्ग ०.०७२१. रेखांशांतला फरक ७७.५ अंश; निम्म्याची ज्या ०.६२५९, वर्ग ०.३९१८. या दुसऱ्या वर्गाला दोन्ही ठिकाणांच्या कोज्यांनी (०.९३७७ आणि ०.६२२८) गुणायचे, म्हणजे ०.२२८८ येतात. संत्र्याच्या फोडीची निमुळती रुंदी हिशेबात धरली जाते ती या गुणाकाराने. दोन्ही मिळवले, ०.३००९. त्याचे वर्गमूळ ०.५४८५. ज्या कोनाची ज्या एवढी आहे तो कोन ३३.२७ अंश, त्याची दुप्पट ६६.५३ अंश. पृथ्वीच्या केंद्राशी दोन ठिकाणांत होणारा कोन हाच. त्याला १११.१९ ने गुणा, की ७,४०० किलोमीटर मिळतात. सपाट रीत जवळजवळ चारशे किलोमीटरनी चुकली होती. दिशेचीही गंमत आहे. आपण म्हणतो विलायत पश्चिमेला. पण इंझोरीहून ग्रिनिचचा जवळचा मार्ग उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ४१॥ अंशांवर निघतो, म्हणजे पश्चिमेपेक्षा उत्तरेलाच थोडा जवळ.

या सूत्राला इंग्रजीत 'हॅव्हरसाइन' म्हणतात. इंग्लंडमधल्या जेम्स इनमन याने १८३५ मध्ये खलाशांच्या पुस्तकात ते नाव रूढ केले. नाव भयंकर, अर्थ साधा. ज्येची एक बहीण आपल्याकडे सूर्यसिद्धांतापासून 'उत्क्रमज्या' या नावाने आहे. तिचा निम्मा भाग म्हणजे हॅव्हरसाइन. यापेक्षा छोटे, नुसत्या कोज्येचे एक सूत्र पुस्तकांत आधी भेटते, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला? आमच्या सरांना मी हे विचारले. त्यांनी मलाच एक किलोमीटरचे अंतर त्या सूत्राने काढायला लावले. एक किलोमीटरच्या कोनाची कोज्या असते ०.९९९९९९९८८. जुनी कोष्टके सात आकड्यांची. त्यांत ती सरळ १ दिसते, आणि १ म्हणजे अंतर शून्य! शेजारच्या गावाला जायला काही अंतरच नाही असे सांगणारे सूत्र खलाशी कशाला वापरतील? निम्म्या कोनाची ज्या घेतली की लहान अंतरही हातातून निसटत नाही.

मात्र हे सारे हिशेब एका आकड्यावर उभे आहेत, पृथ्वीच्या त्रिज्येवर. तो आकडा मिळवताना आमच्याच भागातून काय काय गेले, हे मला या निमित्ताने कळले. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे विल्यम लॅम्बटन याने साखळीने साडेसात मैलांची एक पायारेषा मोजली. तेवढ्याला ५७ दिवस लागले. मग त्या रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोण पुरा होतो. त्याची नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी त्रिकोणांची साखळी डोंगरामागून डोंगर घेत उत्तरेकडे सरकली. कोन मोजायचे यंत्र अर्ध्या टनाचे, आणि ते माणसांच्या खांद्यांवरून जायचे. त्या माणसांची नावे भूगोलाच्या पुस्तकांत मला सापडली नाहीत. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे.

पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने घेतले, ज्याचे नाव नंतर १८६५ मध्ये शिखराला दिले गेले तोच. बिदरकडच्या दमरगिद्द्याहून वऱ्हाडातल्या टाकळखेड्याला आणि तिथून सिरोंजजवळच्या कल्याणपूरला अशी ही साखळी गेली. कल्याणपूरचा रेखांश ७७ अंश ३९ मिनिटे, आणि साखळी त्याच रेषेच्या आसपास राहिली. आमच्या ७७ अंश ३० मिनिटांपासून ही रेषा फक्त नऊ मिनिटे, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर दूर! दमरगिद्द्याचा अक्षांश १८ अंश ३ मिनिटे आणि टाकळखेड्याचा २१ अंश ६ मिनिटे असा मोजला गेला. इंझोरीचा अक्षांश या दोहोंच्या मध्ये पडतो. ताऱ्यांवरून अंश आणि त्रिकोणांवरून अंतर मिळाले, की एकाला दुसऱ्याने भागायचे. भास्कराचार्यांचे त्रैराशिकच, फक्त यंत्र मोठे.

अशा मापांतून एव्हरेस्टने १८३० मध्ये पृथ्वीचा जो किंचित चपटा आकार ठरवला, त्यावर भारताचे जुने नकाशे काढलेले आहेत. आपल्या फोनमध्ये असतो तो उपग्रहांच्या काळातला, १९८४ चा जागतिक आकार. दोन्हींतले आकडे एकमेकांत मिसळले तर आमच्या भागात बिंदू शंभर मीटरांहून जास्त सरकतो. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला शंभर मीटर म्हणजे शेजाऱ्याचे वावर! खुद्द ग्रिनिचच्या पितळी रेषेवर उभे राहिले तरी फोन शून्य दाखवत नाही. त्याचे शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. चपटेपणामुळे आमच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण अंशही १११.१९ ऐवजी ११०.७ किलोमीटरच भरतो. म्हणजे वरचे माझे हिशेब शंभर किलोमीटरला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास चुकू शकतात. मुंबई किती दूर हे सांगायला एवढी चूक चालते, जमिनीच्या मोजणीला चालणार नाही.

दशांशाचे किती आकडे लिहावेत, हेही या भानगडीत शिकले. दुसऱ्या घराला जागा सुमारे १.१ किलोमीटरपर्यंत ठरते, चौथ्याला ११ मीटर, पाचव्याला मीटरभर. काही जण आठ-आठ आकडे उतरवतात. त्यांनी जणू मुंगीच्या पायाचा पत्ता दिला. साधा फोन मोकळ्या आकाशाखालीही तीन-पाच मीटर इकडेतिकडे होतो, तेव्हा पाचव्या घरापुढचे आकडे नुसती शोभा.

दुसऱ्या वर्षी अर्ज बरोबर गेला आणि एप्रिलमध्ये तळे खोदले गेले. काठ तयार झाला त्या दिवशी मी वही घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर फोन धरून उभी राहिले. एकाच काठाच्या दोन टोकांच्या रेखांशांत फरक आला ०.०००३२ अंश. आमच्या अक्षांशावर १,०४,३०० मीटरांचा अंश, म्हणजे ३३.४ मीटर. बाबांनी गावातल्या एकाकडून फितीचा टेप आणला, दुसरे टोक माझ्या हातात दिले आणि मोजले. बरोबर ३० मीटर. "तुह्या फोनापेक्षा टेप बरा," ते म्हणाले. मी त्यांना समजावू लागले, की सूत्र चुकले नाही. दोन्ही टोकांचे बिंदूच फोनने मीटर-दोन मीटर सरकवले, ती चूक कोणत्याही सूत्राने निघत नाही, आणि अंतर जितके लहान तितकी ती जास्त बोचते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग टेप गुंडाळत कागदावर तीसच लिहायला सांगितले, आणि मी तीसच लिहिले.